नव्या कामगाराला पहिला आठवडा जपा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या लूमखात्यांत मे महिन्यात कामाला लागलेला नवा मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन खाली बसला, की जुने कामगार म्हणतात, "कच्चा आहे, होईल सवय." सवय होते, हे खरे. पण ती होईपर्यंतचे दिवसच सर्वांत धोक्याचे, हे आम्हाला इथे सांगायचे आहे.

सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून खात्यातली हवा दमट ठेवतात. अंगाला गारवा घामामुळे नव्हे, घाम वाळल्यामुळे मिळतो. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ठिबकतो. म्हणून विदर्भातल्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात वाढलेला गडीही इथे ३६ अंशांत गळून जातो.

दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल, दमट खाणींत १९२०च्या दशकात कामगार उष्माघाताने मरू लागले. पुढे तिथे नव्या माणसाला हळूहळू कामावर चढवण्याची पद्धत आली. कारण शरीर उष्णतेला सरावायला ७ ते १४ दिवस घेते. मग घाम लवकर आणि जास्त येतो, त्यातून मीठ कमी जाते, हृदयावरचा ताण उतरतो. मात्र ही सवय टिकाऊ नसते. जयंतीला गावी जाऊन आठ-पंधरा दिवसांनी परतलेला जुना कारागीरही अर्धा नवाच असतो!

अमेरिकेतल्या 'नायोश' या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब सोपा आहे. नव्या माणसाने पहिल्या दिवशी उष्णतेत नेहमीच्या वेळेच्या पाचव्या हिश्शाइतकेच काम करावे आणि रोज तेवढेच वाढवावे. सुट्टीवरून आलेल्याने निम्म्यापासून सुरुवात करून चौथ्या दिवशी पूर्ण पाळी धरावी. मीटरवर मजुरी मिळणाऱ्याला हे परवडणार कसे, असे आपण विचाराल. रास्त आहे. आमच्या मते त्या चार-पाच दिवसांची तूट मालकाने सोसावी, आणि ही मागणी एकट्या नव्या पोराने नव्हे, सगळ्या खात्याने मिळून करावी.

तहान लागण्याची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. कामावर संडास नाही म्हणून आपल्या कितीतरी भगिनी दिवसभर पाणीच पीत नाहीत. तिथे सल्ला देऊन भागत नाही, संडासच हवा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या.

डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे ही पहिली खूण. तेव्हाच काम थांबवून सावलीत, वाऱ्यावर बसा. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोक जाऊ लागला किंवा झटके आले, तर तो उष्माघात समजा. "घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही" हा समज घातक आहे. राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम येतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. एकाने १०८ला फोन लावावा. बाकीच्यांनी कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतत राहावे, पंखा लावावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवावा. गाडी येईपर्यंत हे थांबवू नये.