विजेची घरघर आणि आजोबांची झाकरी

सिंगापूरला गेलेला माणूस रॅफल्स प्लेस पाहिल्याशिवाय परतत नाही. आम्हीही गेल्या प्रवासात एका संध्याकाळी तेथे जाऊन बसलो. मध्ये हिरवळीचा तुकडा, भोवती मान वर करून पाहाव्या लागतील अशा बँकांच्या इमारती, आणि जमिनीखालच्या आगगाडीकडे लगबगीने जाणारे कचेरीतले लोक. आमचा भाचा जवळच एका कचेरीत नोकरीला आहे. त्याची वाट पाहत आम्ही बसलो होतो.

दिवे लागले तशी आम्हाला एक गोष्ट आठवली. सिंगापूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे प्रथम लागले ते १९०६ सालच्या मार्च महिन्यात, आणि ज्या थोड्या जागांना हा मान मिळाला त्यांत रॅफल्स प्लेस होते. ती वीज मॅकेंझी रोडवरील ट्राम कंपनीच्या वीजघरातून येत असे. म्हणजे या जागेचा आणि विजेचा संबंध शंभर वर्षांहून जुना.

तेवढ्यात भाचा आला. म्हणाला, "मामा, चला, नदीपलीकडे अॅडेल्फीत जाऊ. मला एक पेटी घ्यायची आहे. ती वीज स्वच्छ करते."

वाचकहो, कोलमन स्ट्रीटवरील अॅडेल्फी ही इमारत गाणी ऐकण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे अॅम्प्लिफायर, स्पीकर आणि त्यांच्या तारा विकणारी दुकाने आहेत. भाच्याचे म्हणणे असे, की घरात फ्रीज, संगणक, एलईडी दिवे हे सर्व एकाच तारेवर चालतात. त्यामुळे वीज मळते आणि गाणेही मळते. पेटीची किंमत ऐकून आम्ही गप्पच झालो. त्याचा एक पगार तीत गेला असता.

"अरे, पण बिघडले आहे काय?" आम्ही विचारले.

"आजोबांच्या झाकरीच्या कॅसेटमध्ये सारखी घरघर ऐकू येते. मला ती स्वच्छ ऐकायची आहे."

हे ऐकून आमचेही मन हलले. ती कॅसेट १९७९ सालची, वाक्वाच्या आमच्या जुन्या घरी गणपतीत भरलेली. आमच्या वडिलांचा आवाज आता तेवढाच उरला आहे.

तरीही एक पगार म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. म्हणून आधी विचार केला. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते, सिंगापुरातही आणि आपल्या मॉरिशसमध्येही. पण ती जशीच्या तशी गाण्यापर्यंत पोहोचत नाही. अॅम्प्लिफायरमधील ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात, आणि मोठे कपॅसिटर तिच्या लाटा सपाट करतात. पाण्याच्या टाकीसारखेच हे आहे. नळ थेंबथेंब गळो वा जोरात येवो, टाकी भरलेली असली तर खालची तोटी सारखीच वाहते. म्हणजे वीज स्वच्छ करणारी पेटी प्रत्येक चांगल्या अॅम्प्लिफायरच्या पोटात आधीच बसवलेली असते.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याने एकच गाणे आधी पेटीशिवाय आणि मग पेटीसह ऐकवले. दुसऱ्या वेळी खरेच गोड वाटले! पण आम्ही विनंती केली, की आता आम्ही पाठ फिरवून बसतो. तुम्ही न सांगता दहा वेळा ऐकवा आणि आवाज वर-खाली करू नका, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. त्या भल्या माणसाने ते मान्य केले. आमची दहापैकी पाच उत्तरे बरोबर आली, भाच्याची सहा. नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते. एका संध्याकाळच्या प्रयोगाने शास्त्र सिद्ध होत नाही हे खरे, पण एक पगार खिशात ठेवायला तेवढे पुरे होते.

घरी जाऊन कॅसेट लावली. ढोल, झांजा, वडिलांचा आवाज, आणि मागे ती घूं घूं. आम्ही कॅसेट थांबवली, अॅम्प्लिफायर मात्र चालूच ठेवला. घरघर थांबली. पुन्हा लावली, घरघर सुरू झाली.

भाचा आमच्याकडे पाहतच राहिला. दोष सिंगापूरच्या विजेत नव्हताच. १९७९ साली त्या खोलीत टेपरेकॉर्डरची विजेची तार आणि माईकची तार शेजारी-शेजारी पडल्या असतील, आणि वाक्वाच्या घरातली वीजच वडिलांच्या आवाजाबरोबर फितीवर उतरली. आजची वीज कितीही गाळली तरी कालची कशी निघणार? संगणकावर ती घरघर कापता येते. पण फार कापली तर ढोलाचा खर्ज आवाजही तिच्याबरोबर जातो.

मग विजेचा दोष कधीच नसतो काय? असतो. कॅसेट बंद असतानाही घरघर येत असेल तर शोध घ्यावा. पुष्कळदा अॅम्प्लिफायर एका सॉकेटवर आणि टीव्ही दुसऱ्यावर असतो, टीव्हीला बाहेरची केबल जोडलेली असते, आणि अर्थिंगच्या दोन वाटांमधून वीज फिरत राहते. सर्व यंत्रे एकाच जागी जोडली, किंवा केबल काढून पाहिली, की कारण सापडते. दिवे मंद होत असतील, सॉकेट गरम होत असेल, तर वायरमनला बोलवावे. आणि आपल्या बेटावर वादळाचे दिवस आले की यंत्रे भिंतीपासून काढून ठेवावी. १९७५ च्या जेर्वेझ वादळाची आठवण असलेल्यांना हे सांगायला नको. गेलेली वीज परतताना दाब चढ-उतार करतो आणि तेव्हा यंत्रे जळतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. घरघर जावी म्हणून काही हौशी मंडळी प्लगची अर्थिंगची तार तोडून टाकतात. घरघर जाते खरी, पण यंत्रात बिघाड झाला तर त्याच्या पत्र्यावर वीज उतरते, आणि हात लावणाऱ्याचा जीव जातो. विजेशी खेळ नको, याचा धडा त्याच रॅफल्स प्लेसने दिला आहे. २१ नोव्हेंबर १९७२ रोजी तेथील रॉबिन्सन्स हे मोठे दुकान जळून खाक झाले आणि नऊ माणसे दगावली. चौकशीत आगीचे कारण विजेचे शॉर्ट सर्किट निघाले.

जपानात काही हौशी लोकांनी गाण्यासाठी घराबाहेर विजेचा स्वतंत्र खांबच उभारला असे आम्ही वाचले आहे. ज्याची ऐपत आहे त्याने खुशाल उभारावा. आमच्या भाच्याने पेटी घेतली नाही. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसून घेतले, कॅसेट संगणकावर उतरवली आणि तिची एक प्रत आम्हा सर्वांना पाठवली. घरघर त्याने थोडीच कमी केली. म्हणाला, "मामा, राहू द्या थोडी. तीही आपल्याच घरातली आहे."

वाचकहो, तुमच्याही कपाटात अशी एखादी कॅसेट असेल. फीत दरवर्षी झिजते आणि ती वाजवणारी यंत्रे कमी होत चालली आहेत. विजेची चिंता नंतर करा. आधी ती कॅसेट बाहेर काढा.