शाळा नऊला भरली, पण न्याहारीचे काय?

चाकणजवळच्या एका चाळीत सकाळी आठला गेले, तेव्हा दुसरीतला एक मुलगा गणवेश घालून उंबऱ्यावर बसला होता. हातात चहाचा पेला, त्यात बुडवलेला टोस्ट. आई कुठे? "कंपनीत. गाडी साडेपाचला येते." ताई? "तिची शाळा सातची." कुटुंब आंबेगावकडचे, महादेव कोळी. वडील रात्रपाळीहून येऊन आत झोपलेले.

वाचकांना आठवत असेल, डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळेच्या वेळा बदलाव्यात असे सुचवले. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने, पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ पासून सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरले.

निर्णय चांगलाच आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. दहाला झोपून साडेपाचला उठवले तर साडेसातच तास होतात. शिवाय झोपेतून ओढून उठवलेल्या मुलाला घास जात नाही, हे कोणतीही आई सांगेल. तासाभराने तेच मूल आपणहून खायला मागते. उशिराच्या शाळेने हा तास मिळतो.

पण त्या तासाला घरात वाढणारे कोणी हवे ना! आमच्या वस्त्यांत आई पहाटेच निघते. आजवर ताई भावाला भाकरी देऊन सोबत न्यायची. आता तो चौथीच्या आतला, म्हणून नऊला. ती सहावीत, तिला हा नियम नाही. ती रिकाम्या पोटी निघते आणि तो चहावर राहतो. चहाने भूक मरते, आणि जेवणासोबत घेतला तर अन्नातले लोहही अंगी नीट लागत नाही.

शाळेत पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीसाठी त्यात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असावीत असा नियम आहे. पण ते दुपारचे जेवण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सकाळच्या नाश्त्याचाही उल्लेख आहे. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत तो सुरू केला आणि पुढच्या वर्षी राज्यभर नेला. आपल्याकडे मात्र वेळ बदलली, ताट आले नाही.

माता बैठकीत मी आधी "सकाळी पौष्टिक द्या" असे सांगून मोकळी व्हायचे. एक बाई म्हणाली, "ताई, चारला उठून डबा करते, अजून किती लवकर उठू?" मला उत्तर सुचले नाही. आता आम्ही रात्रीच्या भाकरीबद्दल बोलतो: दोन जास्त थापायच्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ डब्यात, डबा मुलाच्या हाताला लागेल असा. स्टोव्ह पेटवायचा नाही. शेजारच्या आजी आठला हाक मारतात. चार घरांत जमले, बाकीच्यांत अजून चहाटोस्टच.

ताईला दुपारचे सत्र मिळावे म्हणून आम्ही तिच्या मुख्याध्यापकांना भेटलो. वर्गखोल्या कमी आहेत, म्हणाले. जूनमध्ये पुन्हा जाणार आहोत.