ब्रुकलिनच्या आधी नागपूर

अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय महिला कोण? जीकेच्या पुस्तकात उत्तर एका ओळीत मिळतं : शर्ली चिशोम, १९६८. पण बाई तिथवर पोचल्या कशा, हे त्या ओळीत मावत नाही. त्या न्यूयॉर्कमध्ये बालवाडी-पाळणाघरात काम करायच्या. कामावर जाणाऱ्या आयांच्या अडचणी त्यांना तिथेच कळल्या. पुढे घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतन मिळावं म्हणून त्या संसदेत भांडल्या, आणि १९७४ मध्ये तो कायदा झालाही. मधे १९७२ ला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारीही मागून पाहिली!

अशी वाट आपल्याकडे कुणी चाललं का? चाललं, आणि बरंच आधी. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. खुद्द बाबासाहेब हजर. समोर हजारो बायका, बहुतेक मोलमजुरी करणाऱ्या. आता त्यांचे ठराव बघा : घटस्फोटाचा हक्क हवा, एका नवऱ्याला अनेक बायका नकोत, गिरणीतल्या बायकांना भरपगारी रजा आणि पेन्शन हवी, कायदेमंडळात बायकांना राखीव जागा हव्यात. आणि मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं.

मला विचाराल तर हा शेवटचा ठराव सगळ्यात मोठा. माझं गाव कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी. तिथून जालन्याला रोज एसटीने ये-जा करून कॉलेज होत नाही. मुलगा असला की घरचे रूम बघून देतात. मुलगी म्हटली की पहिला प्रश्न, "राहणार कुठं?" मार्कांचा विषय त्यानंतर, निघाला तर.

हे नाशिकच्या शांताबाई दाणींनी ओळखलं होतं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचं काम केलं, सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, आणि जोडीला मुलींसाठी वसतिगृहही चालवलं. विधान परिषदेवर गेल्या १९६८ ला. म्हणजे तिकडे शर्लीबाई निवडून आल्या त्याच साली. जीकेच्या पुस्तकात मात्र शांताबाई मला अजून भेटल्या नाहीत.

राखीव जागांचं म्हणाल तर आपल्या राज्यात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना मिळाल्या २०११ मध्ये. (सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हा प्रकार आपण सगळ्यांनीच पाहिलाय, तो वेगळा विषय.) लोकसभा-विधानसभेतल्या ३३ टक्क्यांचं विधेयक संसदेत मंजूर झालं सप्टेंबर २०२३ मध्ये. नागपूरच्या ठरावाला तेव्हा ८१ वर्षं झाली होती.