घरच्या केकवर चॉकलेटची नक्षी

नातवाच्या वाढदिवसाचा केक कापला जातो, सर्वांच्या बशीत तुकडे पडतात, आणि आजी मात्र हात आखडता घेऊन म्हणतात, "मला नको." केक घरीच भाजलेला असतो, बिनअंड्याचा असतो, आजींना शंका असते ती वरच्या चित्राची. लाल फुले, चकाकणारे मणी, बाजारातून आणून चिकटवलेली नक्षी यांत नेमके काय आहे, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. ही शंका म्हणजे वयाची कुरकुर नव्हे. तिला भक्कम आधार आहे.

बाजारातील ट्रान्स्फर शीट म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगीत कोको बटरने छापलेले चित्र. त्यावर वितळलेले चॉकलेट पसरले, की गोठताना चित्र चॉकलेटला धरून निघते. कोको बटर या नावाने बिचकण्याचे कारण नाही; ते लोणी नव्हे, कोकोच्या बियांतील स्निग्धांश आहे. प्रश्न रंगाचा आहे. परदेशी शीटच्या वेष्टनावर १२० हा क्रमांक दिसला, तर तो लाल रंग कार्मिन होय. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील कीटकांपासून तो काढतात, आणि एक किलो वाळलेल्या कोचिनीलमध्ये लाखाहून अधिक जीव असतात. नामसाधर्म्याने मात्र फसू नये: १२२ क्रमांकाचा कार्मोइसिन आणि १३२ क्रमांकाचा इंडिगो कार्मिन हे कृत्रिम रंग आहेत, कीटकांशी त्यांचा संबंध नाही.

मण्यांवरील चकाकीसाठी ९०४ क्रमांकाचा शेलॅक वापरतात. तो लाखेच्या किड्याचा स्राव. येथे केवळ हिरव्या ठिपक्यावर विसंबून चालत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहारी अन्नाच्या व्याख्येतून दुधाबरोबरच मध, मधमाशीचे मेण आणि शेलॅकही वगळलेले आहेत. म्हणजे हिरवा ठिपका असलेल्या पदार्थातही मध किंवा शेलॅक असू शकतो. ज्यांच्या दुकानातून असा माल विकला जातो, त्या घरांनी तरी वेष्टनामागची बारीक अक्षरे वाचायला हवीत.

यावर सोपा उपाय म्हणजे नक्षी घरीच काढणे. त्यासाठी छापील शीटची गरज नाही. कागदावर ठळक रेघांचे चित्र काढून ते ताटावर ठेवावे आणि त्यावर बटर पेपर ताणून चिकटवावा. कागदाला सुरकुती राहिली तर ती चॉकलेटवर तशीच उमटते. चित्र शेवटी उलटे करायचे असल्याने अक्षरे आधीच आरशातल्यासारखी उलटी लिहावी लागतात. हे विसरल्यामुळे कित्येक मुलांची नावे केकवर उलटी अवतरली आहेत!

नवशिक्यांनी कंपाउंड चॉकलेट घ्यावे. त्यात कोको बटरऐवजी दुसरा वनस्पतिज स्निग्धांश असल्याने ते नुसते वितळवले तरी नीट गोठते. अस्सल चॉकलेटचे तसे नाही. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ अंशांपर्यंत थंड करून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणले तरच त्याला चमक आणि खुटकन तुटण्याचा गुण येतो. एरवी ते मऊ आणि पांढुरके पडते. दोन्ही प्रकारांत पाणी हा शत्रू. गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडे ठेवून वितळवताना वाफेचा एक थेंब आत गेला, तरी चॉकलेटचा गोळा होतो. म्हणूनच पाण्यात मिसळणारे रंगही त्यात चालत नाहीत.

डार्क चॉकलेट बटर पेपरच्या कोनात भरावे. मेंदीचा कोन धरणाऱ्या हातांना हे शिकवावे लागत नाही. आधी बाह्यरेषा काढाव्यात, त्या घट्ट होऊ द्याव्यात आणि मगच आत रंगीत पांढरे चॉकलेट भरावे. ते कोमटच हवे, नाहीतर रेषा विरघळतात. ताट हलके आपटून बुडबुडे घालवावेत आणि पाठीमागे आणखी एक पातळ थर द्यावा.

रंगांची निवड हा खरा विवेकाचा भाग. नैसर्गिक लाल म्हणून सर्रास सुचवली जाते ती बिटाची पूड. पण बीट कंदमूळ असल्याने ती येथे बाद. पिवळ्यासाठी चिमूटभर हळद पुरते. वाळलेली हळद ग्राह्य मानण्याची रूढी आहेच. केशर कोरडे खलून घातले तर छटा अधिक खुलते. हिरव्यासाठी पिस्त्याची वस्त्रगाळ पूड. सुक्या गुलाबपाकळ्यांच्या पुडीने फिकट, किंचित करडा गुलाबी रंग येतो. भडक लाल त्यातून मिळत नाही. तेवढी तडजोड मान्य करावी, किंवा लाल फुलाऐवजी केशरी झेंडू काढावा.

नक्षी फ्रिजमध्ये वीस मिनिटांत घट्ट होते. ती उलटी ठेवून कागद सोलावा. कागदावरून नक्षी उचलू गेल्यास ती मोडते. पावसाळ्यात फ्रिजबाहेर काढताच तिच्यावर दव जमते. अशा वेळी तिला बोट न लावता दव आपोआप वाळू द्यावे. हे सारे सकाळीच उरकले, तर केक दुपारी सजतो आणि सूर्यास्ताच्या बराच आधी कापता येतो. चौविहार पाळणाऱ्या आजींनाही मग आपला तुकडा निवांतपणे खाता येतो.