पणजीत स्कूटी नकोच!

लाँग वीकेंडला दोघांचं गोव्याला जायचं ठरलं, की पहिला प्रश्न स्कूटी कितीला मिळेल? आमचं ऐका, या वेळी पणजीतच राहा आणि चाला. रेल्वेने येणार असाल तर करमळीला उतरा, तिथून बसने पणजी. रूम फोंतेन्हासच्या आसपास बघा. कदंब स्टँडवरून खाडी ओलांडली की आलंच. पण पैसे भरण्याआधी फोन करून स्पष्ट विचारा, लग्न न झालेल्या जोडप्याला रूम देता ना? वय १८ च्या वर आणि दोघांकडे ओळखपत्र असलं तरी काही ठिकाणी ऐनवेळी नकार मिळतो. रात्री बॅगा घेऊन दारोदार फिरण्यात कसला आलाय रोमान्स!

सकाळी फोंतेन्हासच्या पिवळ्या-निळ्या गल्ल्या. फोटो काढा, पण कुणाच्या दारात बसून नको. तिथे माणसं राहतात, आणि ती या प्रकाराला वैतागलीत. दुपारी सरळ झोपा. संध्याकाळी चर्चच्या नागमोडी पायऱ्या, जुनं सचिवालय, शेजारी आबे फारियाचा संमोहन करतानाचा पुतळा (रात्री थोडा भीतीदायकच दिसतो), मग बेतीची फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. मांडवी ओलांडायची, पलीकडे उतरायचं, पुढच्या बोटीने परत यायचं.