बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी सोडू नका

वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन संपले, की विहारातच आम्ही बीपीचे यंत्र काढतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर, जळगाव जामोद भागात एक वाक्य हमखास कानी पडते: ‘‘आता बीपी नारमल हाये, गोळी कायले खाऊ?’’

बीपी नॉर्मल आहे तो गोळीमुळेच. अम्लोडिपिनसारखी गोळी रक्तवाहिन्या सैल ठेवते. आजार मुळासकट काढत नाही. ती बंद केली की दाब पुन्हा चढतो आणि बहुतेकदा काहीच दुखत नाही. डोके दुखले तरच गोळी घेणाऱ्यांचा घात इथेच होतो. कित्येकांना कळते ते थेट लकवा मारल्यावर.

हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरी-बोअरचे पाणी खारट, त्यावर ठेचा, लोणचे, सुकट. मिठाने दाब वाढतो, वाढलेला दाब किडनी खराब करतो आणि खराब किडनी दाब आणखी वाढवते. किडनीच्या आजाराने इथली किती घरे खचली, हे वेगळे सांगायला नको. कापूस वेचून अंग दुखले की दुकानातून डायक्लोफेनॅक आणून खाणे आम्हाला फार घातक वाटते. ती गोळी दाबही वाढवते, किडनीलाही इजा करते.

‘गोळीची सवय लागते’ म्हणणारेही भेटतात. बाबासाहेबांना मधुमेह होता. स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांचे इन्सुलिन आणि पथ्य रोज सांभाळत. भगवंतांनीही भिक्खूंच्या चार गरजांत चीवर, भोजन, निवासासोबत औषध धरले आहे. औषध घेण्यात कमीपणा कसला?

तिशीनंतर बीपीची तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे शांत बसावे. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा जास्त आला, तर डॉक्टर उपचार ठरवतात. अम्लोडिपिनने कधी पाय सुजतात. तेव्हा गोळी फेकू नका, डॉक्टर बदलून देतात. दिवस गेले असतील किंवा मूल हवे असेल तर ते आधी सांगा, कारण टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही. एखादी गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

आणि वीटभट्टीवर, ऊसतोडीला निघताना पुरतील एवढ्या गोळ्या आधीच मागून घ्या, जुनी चिठ्ठीही सोबत ठेवा. आमच्या यादीतली माणसे उपचारातून सुटतात, ती बहुधा याच दिवसांत.