वाघ दिसला नाही तर?

दोस्तांनो, "आम्ही ताडोब्याला जाऊन आलो" असं कुणी म्हटलं, की आपला पहिला प्रश्न ठरलेला. "वाघ दिसला?" आणि समोरचा "नाही" म्हणाला की आपण लगेच, "अरेरे, मग पैसे फुकटच गेले की रे!"

यंदा तुमच्याही घरी असा बेत शिजत असेल, तर त्याची आखणी तुम्हीच करा.

ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. 'ताडोबा' हे नाव तारू या गोंड आदिवासींच्या देवावरून आलं. हा तारू वाघाशी झुंजताना मारला गेला, अशी आख्यायिका आहे. ताडोबा तळ्याच्या काठी त्याचं ठाणं आहे.

आता कॅलेंडर घ्या. पावसाळ्यात जंगलाचा आतला भाग, म्हणजे गाभा क्षेत्र, बंद असतं. मंगळवारीही तिथे सुट्टी! उन्हाळ्यात पानगळ होते आणि पाणवठे आटतात. उरलेल्या पाण्यावर जनावरं येतात, म्हणून ती दिसायची शक्यता जास्त. पण चंद्रपूरचं ऊन अंग भाजून काढतं. हिवाळ्यात पहाटे उघड्या जिप्सीत दात वाजतात. त्यामुळे टोपी घ्यायची की कानटोपी, ते महिना पाहून ठरवा!

फेऱ्या दोन असतात, सकाळची आणि दुपारची. आरक्षण आधी करावं लागतं. त्यासाठी प्रत्येकाचं ओळखपत्र लागेल, ते आईबाबांना आठवणीने काढून ठेवायला सांगा. चंद्रपूरकडून जाणाऱ्यांना मोहर्लीचं प्रवेशद्वार सोयीचं, नागपूरकडून येणाऱ्यांना कोलाऱ्याचं. ज्या दारातून आत जाणार, त्याच्याच जवळ मुक्काम करा. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे घ्या. पाण्याची बाटली, दुर्बीण आणि एक वही हवीच. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, तेव्हा डोळे आणि कानच वापरायचे.

त्यांचा सराव घरीच करा ना! चिखलातून मांजर गेलं की ठसे बघा. नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्र्याच्या ठशात मात्र नखं दिसतात. वाघ मांजराच्याच कुळातला, हे लक्षात ठेवलंत की वाघाचा आणि रानकुत्र्याचा माग तुम्हालाही ओळखता येईल.

आणि कान? वाघ किंवा बिबट्या दिसला, की झाडावरचं वानर खाकरल्यासारखं ओरडतं. चितळ बारीक, तीक्ष्ण आवाज काढतं. सांबर मात्र सहसा उगाच ओरडत नाही. त्याचं "ढाँक" ऐकलं की गाइडकाका हात वर करून गाडी थांबवायला सांगतात. सगळे श्वास रोखतात... कधी वाघ बाहेर येतो, कधी नाही.

पण तो यावाच असा हट्ट धरला, तर काय होतं ठाऊक आहे? ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. माणसं फोटो काढत होती आणि तिला पुढे जायला रस्ताच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. आपल्या आईला आणि आपल्याला कुणी असं घरी जाताना घेरलं तर?

म्हणून आखणीत एक गोष्ट सर्वांत वर लिहा. आपली गाडी वाघाच्या वाटेत न्यायची नाही. गाडीतले मोठे "आणखी पुढे घ्या!" म्हणू लागले, तर तुम्ही हळूच सांगा, "काका, इथूनच बघू या."

परत आल्यावर कुणी "वाघ दिसला का?" विचारलंच, तर वही उघडून दाखवा. तळ्याकाठची मगर, बांबूत शिरणारा गवा, वारूळ उकरणारं अस्वल, सांबराचं ते एक "ढाँक"... जे जे दिसेल, ऐकू येईल ते वहीत असू द्या. वाघ दिसला, तर त्याच्यासाठीही एक पान कोरं ठेवा!